चारात एक अल्बिनो? हमखास नाही!

बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) पाळणाऱ्यांत एक मजकूर सतत फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं की हेट (जनुकाच्या वाहक) सापांची जोडी लावली की चार पिल्लांत एक अल्बिनो, म्हणजे काळं रंगद्रव्य नसलेलं, हमखास. ‘66 टक्के हेट’ म्हणजे जनुक अर्धंमुर्धं उतरलेलं. आणि दोन्ही आईबाप अल्बिनो असले की पिल्लं अल्बिनोच. पहिल्या दोन गोष्टी साफ चूक आहेत, तिसरी अर्धवट खरी. यापायी लोक प्रामाणिक विक्रेत्याशी भांडतात आणि लबाडाला जादा पैसे मोजतात. (नाग, धामण, आपला अजगर घरी ठेवणं भारतात गुन्हा आहे, इथे बोलतोय ते परदेशी जातींबद्दल.)

हेट म्हणजे वाहक. अल्बिनोपणाचं जनुक अप्रभावी, म्हणजे दोन प्रती असल्या तरच परिणाम दाखवणारं; वाहकाकडे त्याची एकच प्रत असते, म्हणून दिसायला तो साधाच. दोन वाहकांच्या प्रत्येक अंड्याला चारात एक शक्यता असते आणि आधीच्या अंड्यातून काय निघालं याच्याशी पुढच्याला देणंघेणं नसतं. सहा अंडी असली तर एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळपास 18 टक्के. इतक्यावरून कुणाला फसवा ठरवणं अन्यायाचं आहे.

आता ते 66. अशा जोडीच्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांत सरासरी तिनातली दोन वाहक असतात, पण कुठली ते नजरेला कळत नाही. आकडा आपल्या अंदाजाचा आहे. साप एकतर पुरता वाहक असतो, नाहीतर नसतोच. त्याला अल्बिनोशी लावून बघा: एक जरी पिल्लू लाल डोळ्यांचं, पांढऱ्या अंगावर पिवळी नक्षी असलेलं निघालं, की तो वाहक ठरला. सहाच्या सहा साधी निघाली, तर 66चे जेमतेम 3 टक्के उरतात. हल्ली तेवढं थांबायचीही गरज नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून आलेल्या काती तपासून बॉल पायथनचा अल्बिनोपणा टायरोसिनेजच्या (काळं रंगद्रव्य बनवायला लागणाऱ्या विकराच्या) जनुकातल्या बिघाडाशी जोडून दाखवला. कातीच्या तुकड्यावरून वाहक ओळखता येतो. ‘हेट असेल’ म्हणून कुणी चढा भाव लावला, तर आधी कातीच्या तपासणीचा अहवाल मागावा.

तिसरी गोष्ट एकाच वंशाच्या अल्बिनोंना लागू पडते. बोआंमध्ये (अमेरिका खंडातल्या मोठ्या सापांत) मात्र ‘काल’ (Kahl) आणि ‘शार्प’ (Sharp) असे अल्बिनोंचे दोन वेगळे वंश आहेत. त्यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं साध्या रंगाची जन्मतात, कारण एकाचं बिघडलेलं जनुक दुसऱ्याकडे धडधाकट असतं. त्यातलं प्रत्येक पिल्लू दोन्ही वंशांचं वाहक असतं, तिथे ‘100 टक्के हेट’ खुशाल म्हणावं.