रामन यांचं उदाहरण देण्याआधी

सध्या फिरणारा मजकूर असा: 'प्राध्यापकांना लाखाचा पगार, भरपूर सुट्ट्या, तरी वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स. सी. व्ही. रामन यांनी साध्यासुध्या साहित्यावर नोबेल मिळवलं. ज्याला करायचंय तो करतोच.' मी संख्याशास्त्र शिकवते. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी रामनच घेऊ. साहित्य साधं होतं, हे खरं. पण 1917 साली अर्थखात्यातली मोठी नोकरी सोडून, कमी पगारावर, ते कलकत्ता विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापक (देणगीदाराच्या नावाचं पद) झाले ते कशासाठी? त्या पदावर वर्ग घेण्याची सक्ती नव्हती (ते आपणहून शिकवत, तो भाग वेगळा). सरकारी नोकरीत असतानाही कलकत्त्याच्या बहुबाजारातल्या इंडियन असोसिएशन या विज्ञानसंस्थेची प्रयोगशाळा त्यांना सकाळ-संध्याकाळ खुली होती. के. एस. कृष्णन यांच्यासारखा सहकारी तिथेच भेटला. 1928 चा, नोबेल मिळवून देणारा शोध या सगळ्यातून आला. पैसा कमी होता, पण मोकळीक पुरेपूर होती.

लाखाचा पगार मंजूर पदावरच्यांना. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना जितके तास तितकेच पैसे, आणि सुट्टी म्हणजे बिनपगारी महिने.

आमच्या विभागातले असेच एक सर. नमुना निवड, म्हणजे सगळ्यांऐवजी मोजक्यांकडून माहिती घेणं, शिकवायला त्यांनी मुलांना आठवडी बाजारात नेलं. मुलांनी भाजीवाल्यांकडून भाव लिहून घेतले. एका गटाची मेथी दहाला, दुसऱ्याची पाचला. भांडणं झाली, मग एकीच्या लक्षात आलं की दुसरा गट दिवेलागणीला गेला होता. नमुना कधी घेतला यानं उत्तर बदलतं, हे त्या मुली-मुलांना पुन्हा सांगावं लागलं नाही. महिनाअखेरीला सरांच्या बिलातून दोन तास कापले गेले. कारण, तास वर्गात झाला नाही.

पूर्णवेळ असलेल्या आमच्यासारख्यांचे तास कापले जात नाहीत, पण शिकवून उरलेला वेळ नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली, अहवाल आणि जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या, फोटोंत जातो.

'करतोच' म्हणणाऱ्यांना पदरमोड करून टिकलेले दिसतात. पहिल्याच प्रयत्नानंतर थांबलेले कोण मोजतं? पिवळ्या नोट्स वाचणारेही आहेत, मी नाकारत नाही. पण ते सर आळशी नव्हते. यंदा त्यांनी नमुना निवडीची व्याख्या फळ्यावर लिहून दिली आणि बाजाराचे कोरे फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "मॅडम, तुमचा तास कापत नाहीत. तुम्ही न्या मुलांना."