चरित्र पुरे, आता ओळी वाचा

आज संध्याकाळी ग्रंथालयातून घरी येताना मी इतकी चिडले होते की माझा थांबा मागे पडल्याचे मला दोन थांबे पुढे गेल्यावर कळले. इंग्लंडमधल्या ज्या लहानशा गावात मी गेली अकरा वर्षे राहते, तिथल्या ग्रंथालयात सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रज लेखिकांवर कार्यक्रम होता. पाऊस असूनही खुर्च्या भरल्या होत्या, चहा-बिस्किटे होती, पडद्यावर चित्रे होती. दीड तास चाललेल्या त्या कार्यक्रमात त्या लेखिकांनी लिहिलेली एकही ओळ कोणी वाचून दाखवली नाही.

मग सांगितले काय? इझाबेला व्हिटनी ही कवी जेफ्री व्हिटनीची बहीण. मेरी रोथ ही कवी फिलिप सिडनीची पुतणी. एमिलिया लॅनियर ही राणी एलिझाबेथच्या दरबारातल्या लॉर्ड हन्सडनची प्रेयसी, आणि शेक्सपिअरच्या सुनीतांतली ती अनामिक सावळी स्त्री हीच असावी, असा तर्क ए. एल. राउज या इतिहासकाराने १९७०च्या दशकात मांडला होता. या तर्कावर वीस मिनिटे गेली. अ‍ॅफ्रा बेन ही नाटककार हेरगिरी करत असे, एवढे ऐकून लोक खूश झाले आणि चहाला उठले.

मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या आईचा सत्कार आठवत होता. मी इकडे येण्याच्या आदल्या वर्षी आईने पदरचे पैसे घालून कवितासंग्रह छापला आणि मिरजेतल्या एका महिला मंडळाने तिला शाल-श्रीफळ दिले. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटे बोलले. सासूचे आजारपण तिने कसे काढले, बाबांच्या बदल्यांच्या गावी संसार कसा मांडला, मुलांना कसे घडवले, हे सगळे त्यांनी गहिवरून सांगितले. संग्रह त्यांच्या हातात होता. त्यांनी तो उघडला नाही.

आता व्हिटनीचेच घ्या. १५७३ साली छापलेल्या तिच्या पुस्तकात लंडन शहराला उद्देशून पद्यात लिहिलेले एक मृत्युपत्र आहे. नोकरी गेलेली, पैसे संपलेले, शहर सोडून निघालेली ही मुलगी सुरुवातीलाच सांगते की मी शरीराने आणि मनाने धडधाकट आहे, अशक्त आहे ती फक्त माझी थैली. मग ती लंडनचेच रस्ते, खाटीक आणि तुरुंग लंडनलाच वारसाहक्काने देऊन टाकते, गरीब मुलींसाठी श्रीमंत विधुर ठेवते, आणि माझी ही पुस्तके माझ्या मुद्रकाकडूनच विकत घ्या असे मित्रांना बजावते. लडगेटचा कर्जबुडव्यांचा तुरुंग मात्र तिने स्वतःसाठी राखून ठेवला होता. पण तिथे जायला आधी कोणीतरी कर्ज द्यावे लागते आणि तिला ते कोणीच देत नाही, म्हणून तोही ती दिवाळखोरांच्या नावे करते. साडेचारशे वर्षांनंतरही महिनाअखेरीस हे वाचून हसू येते. तिच्याविषयी आज आम्हाला काय कळले, तर भावाचे नाव.

लॅनियरच्या १६११च्या पुस्तकात, देवाने मना केलेले फळ खाल्ल्याचा दोष जिच्यावर येतो त्या बायबलमधल्या हव्वेची बाजू मांडणारा भाग आहे. आदम अधिक बलवान होता, तर त्याने ते फळ नाकारले का नाही, असे ती विचारते. आणि पुढे म्हणते की पुरुष ज्या ज्ञानाची प्रौढी मिरवतात, ते त्यांना हव्वेच्या सुंदर हातातून, जणू एखाद्या विद्वत्तापूर्ण ग्रंथातून, मिळाले. ही बाई कोणाच्या सुनीतांत आहे की नाही, याच्याशी मला काय करायचे आहे? मेरी रोथची कादंबरी १६२१ मध्ये आली, तेव्हा तिच्यात स्वतःच्या घराण्याची बदनामी दिसलेल्या लॉर्ड डेनीने पद्य लिहून तिला असली फुकाची पुस्तके सोडून देण्याचा सल्ला दिला. तिने त्याच्याच यमकांवर त्याला पद्यातून उत्तर धाडले. चारशे वर्षांपूर्वीचे हे भांडण त्या सभागृहात दोन मिनिटे वाचले असते, तर मागच्या रांगेत पेंगणारे आजोबासुद्धा ताठ बसले असते.

चरित्राच्या आमिषाशिवाय लोक येत नाहीत आणि ती जुनी इंग्रजी कानाला जड जाते, हे मला मान्य आहे. गेल्या पंधरा वर्षांत या देशात शेकडो ग्रंथालये बंद झाली. आमचे उघडे आहे, हेच खूप, हेही मान्य. आणि आपण तरी काय वेगळे करतो? संत बहिणाबाई साधारण अ‍ॅफ्रा बेनच्याच काळातल्या. स्वतःचे आयुष्य त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवले आहे, तरी आपण त्यांची ओळख तुकोबांची शिष्या अशी करून देतो, नवऱ्याने केलेल्या छळाची कथा सांगतो आणि अभंग राहूनच जातात.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. कार्यक्रमानंतर मी व्याख्यान देणाऱ्या मुलीला गाठले आणि जरा कडवटपणेच लडगेटच्या त्या ओळी म्हणून दाखवल्या. ती मोठ्याने हसली, मग तिचा चेहरा पडला. तिच्या पहिल्या खर्ड्यात त्या ओळी होत्या. लोक कंटाळतील, कविता काढून टाका, असे तिला वरून सांगण्यात आले होते. तिला बोलायला निघालेली मी तिची पिशवी धरून दारापर्यंत गेले. पुढच्या महिन्यात दुसरा भाग आहे आणि शेवटची दहा मिनिटे वाचनासाठी मागून घेण्याचे आम्ही दोघींनी ठरवले आहे.

सत्काराच्या त्या रात्री आई घरी आली, नारळ ओट्यावर ठेवला आणि अंगावरची शाल न काढताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मला म्हणाली, "ऐकतेस का जरा?" आणि तिने नळाला पाणी येण्याच्या वेळेवरची तिची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बाबांनी बाहेर टीव्हीचा आवाज कमी केला. वाचून झाल्यावर मी काही बोलणार, इतक्यात तिने कपाळाला आठ्या घातल्या. "तिसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त झालीय बघ," असे म्हणून तिने किराण्याच्या यादीजवळचे पेन उचलले आणि छापलेल्या पानावरचा एक शब्द खोडला.