पिल्झेनची बिअर आणि आमचा गूळ

पोरगा प्रागला नोकरीला, म्हणून गेलो होतो. रविवारी म्हणाला बाबा चला पिल्झेनला, बिअरचं म्युझियम बघून येऊ. मी पीत नाही, आणि बघायचं काय त्यात, बाटल्या? पण रेल्वेनं दीडेक तास, म्हटलं चला.

म्युझियम एका जुन्या घरात आहे. १२९५ साली राजानं हे शहर वसवलं तेव्हाच २६० घरांना बिअर बनवायचा हक्क दिला, तसल्यातलंच हे एक घर. सातू भिजवायचा, मोड आणायचे, मग भट्टीवर वाळवायचा... मी पोराला म्हटलं, ही तर तुझी आजी नाचणीचं सत्त्व करायची तीच तऱ्हा की रे! खाली तळघरं, भर उन्हाळ्यात स्वेटर घालायची पाळी. बिअर थंडाव्यात राहावी म्हणून पिढ्यानपिढ्या खडक फोडत बसलेत लोक.

पण डोक्यात बसली ती एकच गोष्ट. १८३८ साली गावातली बिअर इतकी बेकार निघाली की ३६ पिंपं टाऊन हॉलसमोर नेऊन ओतून दिली. स्वतःच्याच गावचा माल, भर चौकात! मग सगळ्यांनी मिळून नवीन कारखाना काढला, बव्हेरियातनं योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि ५ ऑक्टोबर १८४२ ला त्यानं पहिला घाणा लावला. तिथलं हलकं पाणी, फिकट भाजलेला सातू, थंडाव्यात सावकाश आंबवणं. निघाली सोनेरी, आरपार दिसणारी बिअर. आज जगभर पिल्सनर म्हणतात ती हीच.

येताना रेल्वेत मला आमच्या आज्ज्याचं गुऱ्हाळ आठवत होतं. चुलवाणात चिपाड, काहिलीतला रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढायची, आणि आमचा गुळव्या हात गार पाण्यात बुडवून सरळ उकळत्या पाकात घालायचा, चिमटभर पाक घेऊन पाण्यात गोळी वळायचा आणि तेवढ्यावर सांगायचा, उतरा. ना थर्मामीटर ना काय. आम्ही पोरं काकवीसाठी वाटी घेऊन उभी. आता गुऱ्हाळं एकेक करून बंद पडत चाललीत, गुळव्याची पोरं दुसऱ्या कामाला लागली. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर गावगाड्याचे पुतळे आहेत, बघण्यासारखे आहेत, पण पुतळा पाकात हात घालत नाही.

म्युझियम व्हावं असं मलाही वाटतं, पण त्याआधी ३६ पिंपं ओतायचं धाडस कोण करणार? कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्याच नावावर साखर मिसळलेला, पावडर टाकून पिवळाधमक केलेला माल राजरोस विकला जातोय. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. व्यापारी म्हणतो गिऱ्हाईकाला पिवळाच लागतो, आणि खोटं नाही ते.

परत आल्यावर दिवाळीला गूळ आणायला गेलो. दुकानदारानं दोन रवे पुढं ठेवले, एक काळपट, एक पिवळा. म्हणाला काका, काळा चांगलाय, ओळखीच्या गुऱ्हाळातला. घरी पाहुणे येणार होते. मी पिवळा घेऊन आलो.