युद्धावर व्याख्यान द्यायचंय? अगदी सोपं आहे!

गेल्या रविवारी कोथरूडच्या एका सभागृहात पश्चिम आशियातल्या युद्धावर दीड तास व्याख्यान ऐकलं. तिथं जे शिकलो ते तुमच्याही कामी यावं.

नकाशा मोठा लावावा, पण त्यावरच्या रेषा कुणी मारल्या ते बोलू नये. १९१६ साली इंग्रज सायक्स आणि फ्रेंच पिको या दोन साहेबांनी तुर्कांचा मुलूख गुपचूप वाटून घेतला, हे श्रोत्यांना पचत नाही. "ते लोक मुळातच भांडखोर," एवढं म्हणावं. टाळी हमखास.

१९५३ साली इराणात पंतप्रधान मोसादेकांचं सरकार कुणी उलथवलं, असं कुणी विचारलं तर "अमेरिका आणि इंग्लंडनं" असं न म्हणता पाणी प्यावं.

दिएगो गार्सिया, हिंदी महासागरातलं अमेरिकी लष्करी तळाचं बेट? पुढची स्लाइड.

पुण्याचं नाव तर काढूच नका. नाहीतर माझ्यासारखा कुणी उठतो आणि सांगू लागतो की नोव्हेंबर १९१४ मध्ये आखातातलं इंग्रजांचं तेल राखायला इराकच्या किनाऱ्यावर फाओला जी फौज उतरली, तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन! त्यात मराठा पलटणी होत्या. फौज बगदाद घ्यायला निघाली, मार खाऊन मागं फिरली, वाटेतल्या कुत गावात तुर्कांनी कोंडली. जवळजवळ पाच महिने वेढा. शेवटी घोडी कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. जनरल टाउनशेंड साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि शिपाई उन्हातान्हात वाळवंटातून हाकलत नेले. हजारो गेले. कुणाच्या तेलासाठी? कुणाच्या...

"प्रश्न विचारा, भाषण करू नका!" माईक गेला. दीड तास भाषण कुणी केलं होतं मग?

आणि टाळ्या पिटणाऱ्यांनो, तुम्हाला काहीच वाटलं नाही? १९३९ साली व्हाइसरॉयनं आपल्याला एका शब्दानं न विचारता युद्धात ढकललं. तुमचेच आजे-पणजे गेले त्यात. आणि तुम्ही एसीत बसून इराक्यांची जात काढता! तिथली भांडणं त्यांच्या रक्तात आणि आपली फाळणी तेवढी इंग्रजांनी केली, होय ना? सोयीचा इतिहास नुसता.

साताऱ्याकडे जाताना एखाद्या गावात जुनी दगडी पाटी दिसते, या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, इतकी मेली. मिसळीसाठी गाडी थांबवताच ना? मग दोन मिनिटं तिथंही उतरा.