नियम पंपाला लावा

जुलैत तीन आठवडे पुण्याला घरी आले होते. आईच्या गल्लीच्या तोंडाशी एका इमारतीच्या तळघराचं खोदकाम चालू होतं. रात्रभर खड्ड्यात पाणी साचायचं, सकाळी सातला पंप सुरू व्हायचा आणि पाईपचं तोंड थेट रस्त्यावर. दाट चहाच्या रंगाचं ते पाणी उतारानं कोपऱ्यावरच्या पावसाळी चेंबरमध्ये जायचं. चौथ्या दिवशी चेंबरच्या जाळीवर बोटभर गाळ बसला आणि दुपारच्या सरीत पाणी शेजारच्या काकूंच्या पायरीला लागलं. "पावसाळा आहे गं, चालायचंच," काकू म्हणाल्या.

मला ते फार लागलं. कारण नेमकं हेच होऊ नये म्हणून मी मॅसॅच्युसेट्समध्ये नोकरी करते. बांधकामाच्या साईटवरून पावसाच्या पाण्याबरोबर काय वाहून जातंय, ते तपासणं हे माझं काम.

अमेरिकेत पाणी स्वच्छ ठेवण्याचा मूळ कायदा 1972 चा, पण पावसाचं पाणी त्यात नीट आलं 1987 च्या दुरुस्तीनंतर. आधी पाच एकर आणि त्यावरच्या साईट्स, मग 2003 पासून एक एकर, म्हणजे आपले चाळीस गुंठे. एवढी जमीन उकरायची आणि पाणी ओढ्यानाल्यात जाणार असेल, तर परवाना लागतो. बहुतेक राज्यं तो स्वतः देतात, आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तो थेट ईपीए, म्हणजे केंद्र सरकारची पर्यावरण संस्था देते. गाळ कसा अडवणार याचा आराखडा आधी तयार करायचा आणि काम सुरू व्हायच्या किमान 14 दिवस आधी अर्ज भरायचा.

आराखड्याच्या फाईलवर माझा फारसा विश्वास नाही. जुन्या प्रकल्पाची फाईल नाव बदलून पुढे ढकललेली मी पाहिली आहे. माझा विश्वास आहे तो तारखा आणि मुदती घातलेल्या कलमांवर. तपासणी दर सात दिवसांनी, नाहीतर दर 14 दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस पडला की 24 तासांत. किरकोळ दुरुस्ती लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर पूर्ण. काम थांबलेली उघडी माती पेंढा, गवत, काहीही घालून ठरल्या मुदतीत झाकायची. पाच एकरांहून जास्त जमीन एकाच वेळी उघडी असेल तर सात दिवस, नाहीतर 14.

साईटच्या खालच्या कडेला काळ्या कापडाचं कुंपण असतं. लांबून ते छान दिसतं. मी जवळ जाऊन गुडघ्यावर बसते आणि कापडाची खालची कड ओढून बघते. ती सहा इंच मातीत पुरलेली असायला हवी. वर आली, तर पाणी खालून सुटतं आणि ते कुंपण असून नसल्यासारखं. एका साईटवर अशीच दहा फूट कड उपटलेली होती आणि पलीकडच्या ओढ्यातले दगड गाळाखाली गेले होते. माशांची अंडी अशाच दगडांच्या फटीत असतात, गाळ बसला की गुदमरतात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता पुण्याकडे येते. आपल्याकडे 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते. गल्लीतली सात मजली इमारत त्यात येत नाही. आणि खरं सांगायचं तर अमेरिकेचा एकराचा नियमही तिला लागू झाला नसता, कारण तो प्लॉट जेमतेम बारा गुंठ्यांचा. म्हणून तिकडचा नियम जसाच्या तसा इकडे आणा, असं मी म्हणणार नाही.

मी म्हणते, नियम पंपाला लावा. खड्ड्यातलं पाणी उपसून बाहेर सोडणाऱ्या प्रत्येक साईटनं ते आधी टाकीत साठवून गाळ खाली बसू द्यायचा, मगच सोडायचं. तिकडे उपसलेलं पाणी बाहेर सोडायचं त्या प्रत्येक दिवशी तपासणी करावी लागते, आपल्याकडेही ती हवी. आणि साईटच्या बोर्डावर महारेरा नंबरच्या खाली दोन ओळी हव्यात: गाळ बाहेर आला तर जबाबदार कोण, आणि तक्रार कुठे करायची. आमच्याकडे असा बोर्ड रस्त्यावरून वाचता येईल असा लावावाच लागतो. माझ्या निम्म्या चुका शेजारच्यांनी पकडून दिल्या आहेत.

निघायच्या आठवडाभर आधी मी साईटवर जाऊन सुपरवायझरशी बोलले. "मॅडम, पाणीच तर आहे," असं तो आधी म्हणाला. त्याला कोपऱ्यावर नेऊन चेंबरची जाळी दाखवली. बराच वेळ बघत राहिला. दोन दिवसांनी त्यानं साईटवर पडून असलेल्या दोन जुन्या टाक्या एकीला एक जोडल्या आणि पाईपचं तोंड पहिलीत सोडलं.

पाणी नितळ झालं नाही. काळ्या मातीचा बारीक कण लवकर खाली बसत नाही, त्याला आणखी मोठी टाकी आणि वेळ हवा. पण टाकीच्या तळाशी रोज घमेलंभर गाळ निघायला लागला. परवा काकूंनी चेंबरचा फोटो पाठवलाय. जाळीच्या सगळ्या फटी दिसतायत.