बॅटरीतून गळतं ते ॲसिड नसतं

जुन्या कॉम्प्युटरवाल्यांत एक मेसेज फिरतोय : ‘३८६-४८६ (जुने प्रोसेसर) मदरबोर्डवर बॅटरीचं ॲसिड सांडलं असेल तर खायचा सोडा चोळा. तरी चालला नाही तर ओव्हनमध्ये भाजा, नाहीतर भंगारात द्या. चालला तर बॅटरीच्या जागी सीआर२०३२ (बटणासारखा चपटा) सेल जोडा.’ या सल्ल्यापायी वाचण्यासारखे बोर्ड जातायत, म्हणून लिहितोय.

मुळात ते ॲसिड नाही. या बोर्डांवर सहसा पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्यातून गळतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. सोडाही अल्कलीच, मग उतारा कसा पडणार? गाडीच्या बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड असतं, तिथे सोडा बरोबर. इथे आधी बॅटरी काढा, ब्रशनं पांढरं व्हिनेगर लावा, पाण्यानं धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्याशिवाय सप्लाय देऊ नका.

धुऊनही चालला नाही म्हणजे मेला, हेही खोटं. बॅटरी बहुतेक वेळा कीबोर्डच्या सॉकेटजवळ असते, त्यामुळे पहिला मार तिथल्या ट्रॅकना, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या बारीक रेघांना बसतो. माझ्या एका ३८६ वर कीबोर्ड एरर येत होती. वरून ट्रॅक नुसते काळपट दिसायचे. भिंगाखाली धरून वरचा हिरवा लेप ब्लेडनं हलकेच खरवडला, तर खालचं तांबं शेवाळासारखं झालेलं आणि एका छिद्रापाशी ट्रॅक गायबच. मल्टीमीटर दोन्ही टोकांना लावला, बीप नाही, म्हणजे जोड तुटलेला. तुटलेल्या जागी बारीक वायरचे दोन जंपर (जोड) मारले आणि कीबोर्ड चालू झाला. अशा जागी सोल्डर राखाडी पडतं, नुसत्या आयर्ननं लवकर वितळत नाही. फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावतात ते) आणि थोडं नवं सोल्डर दिलं की सुटतं.

भाजणं तर नकोच. कुजलेला ट्रॅक उष्णतेनं सांधत नाही. त्या काळचं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, तर बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५ किंवा १०५ अंशांपर्यंतच चालणारे. आणि शिशाचं काम घरच्या खाण्याच्या ओव्हनमध्ये कशाला?

सीआर२०३२ सरळ जोडू नका. बोर्ड बॅटरी चार्ज करतो आणि हा सेल चार्जिंगचा नाही, फुटू शकतो. मध्ये डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) हवाच. मी माझ्या ३८६ ला बोर्डवर बॅटरी ठेवलीच नाही. बोर्डवर बाहेरची बॅटरी जोडण्यासाठी असलेल्या चार पिनांना वायर जोडून तीन पेन्सिल सेलची डबी कॅबिनेटच्या तळाशी बसवली आहे. उद्या सेल गळले तर डबी जाईल, बोर्ड राहील.