"45 मिनिटं म्हणे!" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमचा पालखीचा खेळ मागवलात आणि वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. घरच्यांचा रविवार फुकट गेला त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण एक तारा देऊन आपण लिहिलंय, "खोक्यावर 45 मिनिटं. अडीच तास झाले तरी सासवड आलं नाही, दिवे घाटातच अडकलो. शुद्ध फसवणूक." रटाळ म्हणाला असतात तर ऐकून घेतलं असतं, आवड ज्याची त्याची. फसवणूक हा शब्द मात्र लागला.

आपणच टाकलेला फोटो मी मोठा करून बघितला. पटाभोवती सहा जण बसलेत. खेळ दोन ते चार जणांचा आहे, म्हणून खोक्यात सोंगट्या चारच येतात. पाचवी सोंगटी म्हणून कॅरमची गुलाबी राणी दिसतेय आणि सहावी बहुतेक औषधाच्या बाटलीचं झाकण.

आता घाटाचं. खऱ्या वारीत माउलींचा रथ दिवे घाट चढताना जादा बैलजोड्या जुंपतात, तेच खेळात घेतलंय. घाट चढायला बैलजोडीचे तीन पत्ते लागतात आणि वाट्याला येतात दोनच. तिसरा दुसऱ्या दिंडीकडे मागायचा. देणाऱ्याला तुळशीचं पान मिळतं आणि पंढरपुरात शेवटी पानंच मोजायची असतात. बैलजोडीचे पत्ते एकूण 12. चौघांत आठ वाटले की चार गठ्ठ्यात उरतात, रांग भराभर सुटते. सहा जणांत गठ्ठा रिकामा. फोटोत प्रत्येकाने आपापले दोन पत्ते छातीशी धरलेत आणि तुळशीच्या पानांची पुडी फोडलेलीसुद्धा नाही. म्हणजे अडीच तासांत कुणी कुणाला एक जोडी दिली नाही! मग रथ चढणार कसा? पान 6 वर हे ठळक छापलंय. (राग मानू नका, राहवलं नाही.)

45 हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. दोन वर्षं सोसायटीत, मुलाच्या मित्रांत, गणपतीत सासुरवाडीला, जिथे चार टाळकी दिसली तिथे पट मांडला आणि मोबाइलवर वेळ लावून वहीत लिहिलं. सगळ्यात लांबलेला डाव सासूबाईंचा, 58 मिनिटं, तोही मध्ये चहा झाला म्हणून.

झाकणावरच्या चित्रात सहा वारकरी आहेत आणि 'दोन ते चार' हे खाली बारकोडशेजारी बारीक अक्षरात आहे, हे मात्र मान्य. चित्रात सहा शोभून दिसत होते. तेव्हा लक्षात आलं नाही.

"पुठ्ठ्याचे 1,150 रुपये" याबद्दल एवढंच, की छापखान्यात प्लेट आणि डायचा खर्च 500 प्रतींना जेवढा तेवढाच 5,000 प्रतींना. आमच्या 500 आहेत. सोंगट्या पुठ्ठ्याच्या नाहीत, सावंतवाडीच्या कारागिराने लाकडाच्या कातून दिल्यात, म्हणून उंचीत उन्नीस-बीस असतं.

आमची कंपनी म्हणजे मी आणि बायको. 317 खोकी अजून मागच्या खोलीत आहेत, मुलगा त्यांच्यावरच वही ठेवून अभ्यास करतो. आपला अभिप्राय आल्यापासून दोन ऑर्डरी रद्द झाल्या. आपल्यामुळेच असं म्हणत नाही.

झाकणावर 'दोन ते चार' असं स्टिकर लावायचं बघतोय. नियमही पुढच्या छपाईत जरा सोपे करू. माझा नंबर पुस्तिकेच्या मागे आहे, डाव अडला तर रात्री दहापर्यंत कधीही फोन करा. एकदा चौघंच बसा, पुडी फोडा, आणि सासवड आलं तर त्या ताऱ्याचं काही जमतंय का तेवढं बघा.